भांडणाची दोरी

पहिला किस्सा एका थापडीचा.

राज्य नाट्य स्पर्धेची तालीम चालली होती. अकोल्यातल्या एका शाळेचा हॉल, वर करकरणारा पंखा, खाली सतरंजी. दुसऱ्या अंकात थोरला भाऊ धाकट्याच्या कानाखाली वाजवतो, असा प्रसंग होता. थोरल्याचं काम करणारा गडी अंगापिंडानं मजबूत आणि कामात प्रामाणिक. तरी आठ दिवस ती थापड जमत नव्हती. जोरात मारली की धाकट्याचा गाल लाल व्हायचा आणि पुढची चार वाक्यं तो विसरायचा. हळू मारली की समोर बसलेल्या आम्हालाच ती खोटी वाटायची. शेवटी दिग्दर्शकांनी एका आखाड्यातल्या वस्तादांना बोलावलं. वय सत्तरीच्या पुढे, धोतर, खांद्यावर दुपट्टा, बोलणं मोजकं.

वस्तादांनी थोरल्याकडे पाहिलंच नाही. धाकट्याचा हात धरून त्याला पुढे घेतलं. म्हणाले, ‘थापड याले शिकवायची हाय. त्याले नाही.’

मग त्यांनी धाकट्याला प्रेक्षकांकडे पाठ करून उभं केलं. थोरल्याचा हात गालापासून वीतभर अंतरानं जाईल इतकं अंतर ठेवलं. धाकट्यानं आधी थोरल्याच्या डोळ्यांत पाहायचं, तीच खूण. खूण मिळाल्याशिवाय थोरल्यानं हात उचलायचा नाही. हात चेहऱ्यासमोरून गेला की धाकट्यानं छातीजवळ स्वतःचीच टाळी वाजवायची, मान झटकन वळवायची, एक पाऊल मागे, दुसरं आडवं, आणि मांडीच्या मऊ भागावर अंग टाकायचं. गुडघ्यावर नाही, माकडहाडावर तर नाहीच. पाच-सहा वेळा झालं आणि सातव्या वेळी हॉलच्या दाराशी उभा असलेला चौकीदार धावत आत आला. त्याला खरंच मारामारी झाली असं वाटलं होतं.

‘मारनारा काहीच करत नसते बावा,’ वस्ताद म्हणाले. ‘सारं खानारा करते. पब्लिकले मात्र मारनाराच दिसते.’

मी तेव्हा नाटकांचे संवाद लिहायचो आणि पोटासाठी वर्तमानपत्रात बातम्या. भांडण हा दोन्हीकडचा माझा माल. वस्तादांचं ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं, आणि पुढे वऱ्हाडातल्या जितक्या लढायांच्या, झगड्यांच्या गोष्टी हाती आल्या त्यांना ते लावून पाहत गेलो. पाहणाऱ्याला वार दिसतो. त्या वाराच्या मागे कोण थांबलं, कोण परत फिरलं, कोणी सोसलं, हे दिसत नाही. ते पडद्यामागेच राहतं.

आधी थांबायला शिक

वस्तादांची तालीम अमरावतीच्या परंपरेतली. या शहरात 1914 साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. आखाड्याच्या लाल मातीतून निघालेली ही संस्था पुढे इतकी वाढली की 1936 साली तिची मुलं बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवायला गेली. कबड्डी परदेशी प्रेक्षकांसमोर खेळली गेली ती या अमरावतीकरांमुळे. आज कबड्डीच्या लीगचे सामने लाखो लोक टीव्हीवर पाहतात, तेव्हा हे आपल्या पोरांना सांगायला हवं.

कबड्डीतही वस्तादांचं तेच वाक्य लागू पडतं. आपल्या डोळ्यांत चढाई करणारा भरतो, कारण तो एकटा पुढे येतो. पण कोपऱ्यातला गडी जागेवर घट्ट थांबतो, बाकीचे हाताला हात गुंफून साखळी धरतात, घाईनं पुढे सरकत नाहीत, म्हणून पकड बसते. घाई केली की साखळी तुटते.

वस्ताद लाठी शिकवायचे तेव्हाही पहिला धडा वार करण्याचा नसायचा. डोक्यावर उगारलेली काठी केसांपासून चार बोटांवर आणून थांबवायची. पोट्टे कंटाळायचे. मारायला कधी शिकवणार, असं विचारायचे. वस्ताद म्हणायचे, ‘जेले थांबवता येत नाही त्याच्या हाती काठी देनं म्हंजे पाप हाय.’ महिना महिना तो एकच हात. मग कधी तरी पुढचा.

अडगावची दुपार

आता जरा मोठ्या रणाकडे. अकोला जिल्ह्यात तेल्हारा तालुक्यात अडगाव आहे. कपाशी-तुरीचं सपाट रान, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. 29 नोव्हेंबर 1803 रोजी या रानात नागपूरकर भोसल्यांची फौज आणि इंग्रजांची फौज समोरासमोर आली. भोसल्यांकडून रघूजी राजांचे बंधू मन्याबापू होते, सोबत शिंद्यांचं घोडदळ. पलीकडे आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 साली वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं.

पुस्तकात एवढंच असतं: अडगावला इंग्रज जिंकले, 38 तोफा त्यांच्या हाती लागल्या, चांदण्यात पाठलाग झाला. पडद्यामागचा किस्सा असा.

इंग्रजांची फौज त्या दिवशी उन्हात लांबची मजल मारून आली होती. लढाई त्या दिवशी होईल असं वेलस्लीच्या मनातही नव्हतं. मुक्काम करायचा विचार होता. दुपार कलता कलता भोसल्यांची लांबच लांब रांग दिसली आणि त्यानं बेत बदलला. फौज एका गावाच्या बाजूनं पुढे सरकली तोच भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या. तोफा ओढणारे बैल उधळले, आणि मद्रासी शिपायांच्या तीन पलटणी फुटून मागे पळाल्या. हे शिपाई नवखे नव्हते. दोनच महिन्यांपूर्वी, 23 सप्टेंबरला, जालन्याकडच्या असईच्या भयंकर लढाईत ते पाय रोवून उभे राहिले होते. तेच इथे पळाले.

वेलस्ली जवळच होता म्हणून निभावलं. त्यानं पळणाऱ्यांना तिथल्या तिथे तोफांच्या माऱ्यात उभं करायचा हट्ट सोडला, त्यांना गावाच्या आडोशाला नेलं, श्वास घेऊ दिला, पुन्हा रांगेत लावलं आणि स्वतः पुढे होऊन परत मैदानात आणलं. मग साडेचारच्या सुमारास लढाई सुरू झाली. आपण त्या जागी नसतो तर दिवस हातचा गेला असता, असं त्यानं पुढे पत्रात स्वतःच कबूल केलं.

या किश्शाचं मला फार मोल वाटतं. असईला शूर ठरलेला माणूस अडगावला घाबरू शकतो, आणि अडगावला घाबरलेला माणूस तासाभरात परत फिरून लढू शकतो. शूर आणि भित्रा अशा माणसांच्या दोन जाती नसतात. त्या शिपायांची नावं कोणत्याही स्तंभावर नाहीत. पण पळून परत फिरणं हे नुसतं पुढे जाण्याहून अवघड असतं, हे कुठल्याही लढणाऱ्याला विचारा.

आणि भोसल्यांकडचे? जिंकणाऱ्यांचे मेलेले आणि जखमी एकेक करून मोजले गेले, साडेतीनशेच्या वर भरले. हरलेल्यांची मोजणी अंदाजानंच झाली.

गाविलगडाची शिडी

अडगावाहून फुटलेली फौज गाविलगडावर गेली. चिखलदऱ्याला गेलेल्या प्रत्येकानं हा किल्ला पाहिलेला असतो. बहुतेक जण दरवाजापाशी फोटो काढून भजी खायला परततात. थोडं आत चालत जा. बाहेरचा किल्ला आणि आतला किल्ला यांच्यामध्ये खोल दरी उतरते. 15 डिसेंबर 1803 रोजी या दरीतच सगळा निकाल लागला.

इंग्रजांनी तोफा डोंगरातून ओढत उत्तरेच्या बाजूला आणल्या आणि बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं. खिंडारातून हल्ला चढवणाऱ्यांचा नायक होता कर्नल केनी. तो जखमी झाला आणि त्यातच गेला. बाहेरचा किल्ला पडला, पण आतल्या किल्ल्याचे दरवाजे बंद, वरून गोळ्यांचा पाऊस. सगळी फौज दरवाजापाशी तुंबली. तेव्हा स्कॉच ब्रिगेडचा कॅप्टन कॅम्पबेल आपल्या तुकडीसह बाजूच्या कड्यानं चढला, शिड्या लावून तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. भोसल्यांचा सरदार बेनीसिंग किल्ला लढवताना पडला.

आता साहित्यातला किस्सा. या लढाईवर बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाची ‘शार्प्स फोर्ट्रेस’ नावाची कादंबरी आहे, 1999 सालची. जगभर खपलेल्या मालिकेतली. तिचा नायक रिचर्ड शार्प हा लेखकाच्या कल्पनेतला माणूस. आतल्या तटावर चढून जायचा पराक्रम कादंबरीत तोच करतो. म्हणजे कॅम्पबेलची शिडी शार्पला मिळाली. नायक आहे म्हटल्यावर वार त्याच्याच हातून व्हायला हवा. कादंबरीची गरजच तशी असते, आणि त्यात लेखकाचा गुन्हा नाही. पण बघा, जिंकणाऱ्यांच्या बाजूच्या खऱ्या माणसाचा पराक्रमसुद्धा गोष्टीत त्याच्याकडे राहत नाही. मग बेनीसिंगाचं काय, आणि त्याच्यासोबत दरवाजांपाशी पडलेल्या शेकडो जणांचं काय? त्यांची कादंबरी आपण लिहायची होती. चिखलदरा आपल्या दारात आहे.

याच्याही मागे आणखी एक पडदा आहे. गाविलगड पडल्यावर दोनच दिवसांत, 17 डिसेंबरला, देवगावला भोसल्यांशी तह झाला. 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी. दोन्ही गावं आपल्या अमरावती जिल्ह्यातली. हिंदुस्थानच्या इतिहासाला वळण देणारे दोन तह दोन आठवड्यांत वऱ्हाडच्या मातीत झाले. देवगावच्या तहानं वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख भोसल्यांकडून निघून निजामाकडे गेला. त्याआधी कित्येक वर्षं वऱ्हाडचा शेतकरी दोन धन्यांचा होता. निजामाचा माणूसही वसुलीला यायचा आणि भोसल्यांचाही. लढाईत त्याला कोणी काही विचारलं नाही. त्याच्या रानातून घोडी गेली, त्याचे बैल गेले, आणि शेवटी तो कुणाचा, हेही दुसऱ्यांनीच ठरवलं. त्या शेतकऱ्याच्या तोंडचं एक वाक्यसुद्धा कोणत्याही दप्तरात मला सापडलेलं नाही.

इंद्रभुवनातली तार

अमरावतीत इंद्रभुवन नावाचं थिएटर होतं. नाटकांच्या त्या जागेत 13 नोव्हेंबर 1927 रोजी जे घडलं ते कोणत्याही नाटकाहून मोठं होतं.

वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद तिथे भरली होती आणि अध्यक्षपदी होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. प्रश्न होता अंबादेवीच्या मंदिरात प्रवेशाचा. अमरावतीची ग्रामदेवता, पण तिच्या दारात तिच्याच गावच्या लेकरांना मज्जाव. नुकतेच विलायतेहून शिकून आलेले पंजाबराव देशमुख या प्रवेशासाठी सवर्णांमधून उभे राहिले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं होतं. डिसेंबरमध्ये महाडला पुन्हा परिषद भरायची होती. या दोहोंच्या मध्ये अमरावती. सभेतल्या माणसांच्या मनात काय पेटलं असेल, याचा विचार करा.

त्या परिषदेच्या काळातच मुंबईहून तार आली. बाबासाहेबांचे थोरले बंधू बाळाराम यांचं आदल्या दिवशी निधन झालं होतं. परिषदेनं दुखवट्याचा ठराव केला आणि काम पुढे चाललं. अंबादेवीच्या सत्याग्रहाबाबत निर्णय झाला तो काही काळ थांबण्याचा. मंदिराची सूत्रं ज्यांच्याकडे होती त्यांना विचाराला अवधी देण्याचा.

हा किस्सा मी जेव्हा जेव्हा सांगतो तेव्हा तरुण पोरं विचारतात, ‘थांबले कशाला? घुसायचं होतं.’ मला वस्तादांची काठी आठवते, केसांपासून चार बोटांवर थांबलेली. भावाच्या मरणाची तार ज्याच्या हाती आहे आणि हजारो वर्षांचा अपमान ज्याच्या मागे बसलेला आहे, अशा माणसानं त्या क्षणी थांबण्याचा ठराव करणं, याला किती बळ लागलं असेल? तो थांबणं म्हणजे माघार नव्हती, हे दीड महिन्यात दिसलं. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृतीचं दहन झालं.

महाडचं दहन सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ते असायलाच हवं. इंद्रभुवनातली तार फार थोड्यांना ठाऊक आहे.

जिच्या हाती दोरी नव्हती

इथे मला एक गोष्ट स्वच्छ सांगायची आहे. सारं खाणारा करतो, हे वस्तादांचं वाक्य रंगमंचावरचं आहे. तिथे मार खाणारा राजी असतो, खूण त्याच्या डोळ्यांत असते, म्हणजे भांडणाची दोरी त्याच्याच हाती असते. घरात मात्र तसं नसतं.

उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी 1960 साली आली. वऱ्हाडी बोलीला मराठी कादंबरीत मानाचं पान मिळवून देणारं हे पुस्तक. त्यातली कौतिक नवऱ्याशी, दारिद्र्याशी, आजाराशी, नशिबाशी रोज झगडते. कादंबरीत तलवार नाही, मोठी मारामारी नाही. पण वऱ्हाडात लढाईचं याहून खरं पुस्तक मला माहीत नाही. संवाद लिहायला बसलो की मी ते उघडतो. त्यातून एक गोष्ट शिकलो: घरातलं भांडण ज्या शब्दावरून सुरू होतं त्या शब्दाबद्दल ते नसतंच. ‘भाकर करपली काहून?’ या प्रश्नात भाकर नसते. कापसाचे न आलेले पैसे असतात, दुकानदाराची उधारी असते, बापानं सगळ्यांसमोर केलेला पाणउतारा असतो. आणि हे सगळं त्या भाकरीमागे उभ्या असलेल्या बाईवर निघतं.

या बाईच्या हाती दोरी नसते. तिनं सोसलं म्हणून घर टिकलं, असं म्हणून तिच्या सोसण्याची आरती करणं मला पाप वाटतं. रंगमंचावर खूण न मिळता हात उचलला तर तो अपघात. घरात उचलला तर तो गुन्हा. तिथे दोरी शेजाऱ्यानं धरायची असते, भावानं, सासूनं, दार वाजवणाऱ्या कोणीही.

धुऱ्यावरचा माणूस

शेवटचा किस्सा माझ्याच बातमीचा.

आमच्याकडे शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. वऱ्हाडातली निम्मी भांडणं धुऱ्यावर सुरू होतात. वखर दर वर्षी चार बोटं इकडे सरकतो, दहा वर्षांत हातभर होतात, आणि मग एके दिवशी काठ्या निघतात. अशाच एका गावात दोन चुलत भावांत धुऱ्यावरून मारामारी झाली. मी चार ओळींची बातमी दिली: धुऱ्याच्या वादातून हाणामारी, एक जखमी. शीर्षकात ‘रक्तरंजित’ हा शब्द टाकला होता. तीन टाके पडले होते. तो शब्द माझाच होता आणि त्याची मला आजही लाज वाटते.

दोन वर्षांनी दुसऱ्या कामानं त्या गावात गेलो. जखमी झालेला माणूस धुऱ्यावर बसला होता. कपाळावर खूण होती. त्यानं पाणी दिलं, तंबाखू मळला आणि आपण होऊन सांगितलं. त्या दिवशी त्याच्या हातातही काठी होती. पहिला वार डोक्यात बसला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ‘मले वाटलं, आता मारतो तं तो मरते. त्याच्या पोराले मी खांद्यावर घेऊन पोळ्याले हिंडवलं. मी काठी हिरीत टाकली, साहेब.’ विहीर दहा पावलांवर होती. त्यानं खरंच काठी विहिरीत टाकली होती आणि रक्त पुसत मातीवर बसून राहिला होता.

पुढे त्यानंच भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला. मोजणीदार आला, नकाशा काढला, खुणा रोवल्या. दीड हाताची पट्टी निघाली ती मारणाऱ्या भावाची. मार खाल्लेला माणूस चुकला होता. त्यानं तिथल्या तिथे दगड उचलून नव्या जागी ठेवला. आता दोघांच्या वखराचे बैल एकाच पाणवठ्यावर येतात.

मी विचारलं, ‘हे त्या वेळी काहून नाही सांगितलं?’ तो म्हणाला, ‘तुमी इचारलंच नाही. तुमी इचारलं, कोनं मारलं?’

15 ऑगस्ट 2007 रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कित्येक गावांत समित्या बसल्या, पारावर भांडणं मिटली. त्या समित्यांत मी जे चांगलं काम पाहिलं, ते अशाच माणसांनी केलेलं: जे आधी विचारतात, मग ऐकतात, आणि निवाडा शेवटी करतात. त्यांची नावं बातमीत येत नाहीत, कारण मिटलेल्या भांडणाची बातमी होत नाही.

व्हायला हवी. आपण लिहिणारे, सांगणारे, मोबाइलवर मारामारीचे व्हिडिओ पुढे ढकलणारे, सगळे फक्त हात उचललेला क्षण जपतो. आपल्या पोरांना वाटतं, लढणं म्हणजे तेवढंच. अडगावाहून परत फिरलेला शिपाई, इंद्रभुवनातल्या तारेनंतर थांबण्याचा ठराव करणारा अध्यक्ष, काठी विहिरीत टाकणारा शेतकरी, ही लढणारीच माणसं होती. यांच्या गोष्टी पोरांना सांगा. आणि पुढच्या वेळी कुठे भांडण झाल्याचं ऐकलं, तर कोणी मारलं हे विचारून थांबू नका. कोण थांबलं, आणि कोणाला थांबताच आलं नाही, हेही विचारा.